वेबसाइटची पत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वेबसाइट आहे, मजकूर आहे, तरी गूगलवर आम्ही मागे का? बाजारात जशी दुकानाची पत असते तशी वेबसाइटचीही असते, आणि तिच्याविषयीच सगळे विचारत आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : आगोंदला आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. वेबसाइटला तीन वर्षे झाली. एका एजन्सीचा ईमेल आला: "तुमचा डीए फक्त ९ आहे. आठ हजारांत पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका) देतो, दोन महिन्यांत डीए ४० करतो, गूगलचा विश्वास आपोआप वाढेल." घ्यावे का?
— होमस्टेचालक, काणकोण

घेऊ नका. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. हा १ ते १०० मधला आकडा मॉझ नावाची खासगी कंपनी स्वतःच्या हिशेबाने काढते. गूगल तो वापरत नाही. शिवाय तो फुगवणे सोपे असते. ओस पडलेल्या शे-दोनशे साइट एकमेकींना जोडल्या की आकडा चढतो, आणि तुमच्या पाच खोल्या रिकाम्या त्या रिकाम्याच राहतात.

विकत घेतलेल्या लिंकांवर एके काळी खरेच क्रमांक चढत असत. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा लिंकांवर चढलेल्या साइट खाली ढकलायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेचाच भाग झाला. आता तो बनावट लिंका बहुधा मोजतच नाही, म्हणजे तुमचे आठ हजार पाण्यात. प्रकार ठळक असेल तर माणसाकडून कारवाई होते आणि साइट निकालांतून खाली जाते किंवा नाहीशी होते. अशी कारवाई झाली आहे का हे सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचे गूगलचे साधन) "मॅन्युअल अ‍ॅक्शन्स" या पानावर दिसते. तिथे काही नसेल आणि तुम्ही लिंका घेतल्याच नसतील, तर लिंका नाकारण्याच्या डिसअव्हाव साधनाला हात लावू नका. कुठून कुठून येणाऱ्या भंगार लिंका प्रत्येक साइटला असतात. त्या निवडत बसताना लोक आपल्याच चांगल्या लिंका नाकारून बसतात.

मग विश्वास कशात आहे? निकालांचा दर्जा तपासण्यासाठी गूगल बाहेरची माणसे नेमते आणि त्यांना एक लांबलचक मार्गदर्शिका देते. तिच्यात अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता अशा चार कसोट्या आहेत. अनुभवाची कसोटी डिसेंबर २०२२ मध्ये जोडली गेली. चौघींत विश्वासार्हता मध्यभागी आहे, ती नसेल तर बाकीच्या तीन निरुपयोगी. या तपासनिसांच्या गुणांनी तुमचा क्रमांक थेट हलत नाही. पण गूगल आपली यंत्रणा कोणत्या दिशेने घासूनपुसून घेते आहे, हे त्यातून नेमके कळते.

आता पाहुण्याच्या जागी बसून पाहा. पुण्याहून कुटुंब निघणार आहे, आगाऊ पैसे भरायचे आहेत. त्यांच्या मनात शंका दोनच: हे घर खरेच आगोंदला आहे का, आणि गेल्यावर खोली मिळेल का? १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालचा तुमचा नोंदणी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी मजकूर म्हणून द्या. पाचही खोल्यांचे वेगवेगळे फोटो हवेत, स्वतः काढलेले. त्यात न्हाणीघर आणि खिडकीतून दिसणारे दृश्यही आले. मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या पायवाटेचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि रात्री उशिरा टॅक्सीने पोचणाऱ्याला नेमका तोच लागतो. काणकोण स्टेशनवरून यायला किती वेळ, पावसाळ्यात काय बंद असते, आगाऊ रक्कम किती आणि रद्द केल्यास परत किती, हे आकड्यांत लिहा.

लिंका मिळवायच्या असतील तर तुमच्याकडे मोठे भांडवल आहे. आगोंदच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. घातलेली अंडी वनखाते कुंपणात राखते. त्या दिवसांत किनाऱ्याकडचे दिवे का मंद ठेवायचे, रात्री टॉर्च का मारायचा नाही, कुंपणापासून किती दूर उभे राहायचे, यावर एक नीट पान लिहा. पर्यटक, शाळा, निसर्गप्रेमी मंडळे अशा पानाकडे आपण होऊन बोट दाखवतात. ज्या कायाकवाल्याकडे, टॅक्सीवाल्याकडे, योगशिक्षिकेकडे तुम्ही पाहुणे खरोखर पाठवता, त्यांच्याशी परस्परांच्या लिंका असणेही स्वाभाविकच. कुठे पैसे देऊन जाहिरात केलीत तर त्या लिंकवर "स्पॉन्सर्ड" ही खूण लावायला सांगा. ही सोय गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये केली आहे. कोणतीही लिंक घेताना एवढेच विचारा: हिच्यावरून एक तरी माणूस आमच्याकडे येईल का?

प्रश्न : आम्ही खाजे, काजू आणि हंगामात मानकुराद आंबे ऑनलाइन विकतो. साइटवर लोक येतात, पण पैसे भरायच्या पायरीवर थांबतात. काही जण फोन करून "हे खरे आहे ना?" विचारतात. आंबे संपले की ते पान आम्ही काढून टाकतो. दर वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.
— घरगुती उद्योजिका, डिचोली

पैसे भरताना लोक थांबतात याचे सगळ्यात सामान्य कारण अगदी लहान असते. साइटवर दुकानाचे नाव एक आणि यूपीआयच्या पडद्यावर येणारे नाव दुसरेच. ग्राहकाचा अंगठा तिथेच अडतो. "आमच्याविषयी" या पानावर आणि पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर एक ओळ लिहा: या नावाने चालणारा व्यवसाय अमुक व्यक्तीचा किंवा संस्थेचा आहे आणि रक्कम भरताना तेच नाव दिसेल.

पुढची गोष्ट कायद्याची. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क ठळक द्यायचा असतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. लहान उद्योगात हा अधिकारी तुम्ही स्वतःच असलात तरी हरकत नाही, पण नाव लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर १५ अक्षरांचा क्रमांक द्या. गोव्याचा तो ३० ने सुरू होतो. खाद्यपदार्थ आहेत म्हणजे एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही आला. दोन्ही क्रमांक फोटोत न अडकवता टाइप केलेले असावेत, म्हणजे ग्राहकाला ते उचलून सरकारी पोर्टलवर पडताळता येतात. मानकुराद आणि खाजे या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे हे जरूर सांगा. मात्र मानांकनाचे चिन्ह वापरायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी हवी.

आता आंब्याच्या पानाचे. पान काढणे ही तुमची सगळ्यात महागडी चूक आहे. त्या वेब-पत्त्याने वर्षभरात जमवलेल्या लिंका, लोकांनी जपून ठेवलेला दुवा, गूगलला झालेली ओळख, सगळे पान काढताच जाते. पुढच्या मार्चमध्ये नव्या पत्त्यावर नवे पान टाकले की गूगलच्या लेखी ते अनोळखीच. एकच कायमचा पत्ता ठेवा आणि त्यात वर्षाचा आकडा घालू नका. हंगाम संपला की किंमत काढा, "खरेदी करा" बटणाच्या जागी "पुढच्या हंगामाची सूचना हवी" असा फोन नंबराचा रकाना ठेवा, आणि पानामागच्या संरचित माहितीत (गूगलच्या यंत्रासाठी लिहिलेल्या तपशिलात) उपलब्धता "आउट ऑफ स्टॉक" करा. पानावर लिहायला पावसाळाभर वेळ आहे: फळ डझनावर विकता की किलोवर, एका पेटीत किती, सरासरी वजन काय, पिकलेला पाठवता की तयार व्हायला तीन-चार दिवस लागणारा, वाटेत खराब झालेल्या फळाचा फोटो किती तासांत पाठवायचा, पैसे परत की दुसरे फळ. फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न या पानावरून हरवलेले एक वाक्य आहे. फोनशेजारी वही ठेवा आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवा.

पाठवणीचा खर्च शेवटच्या पायरीवर उघड करू नका. पिनकोड टाकताच दिसू द्या.

प्रश्न : गूगलवर आमच्या छापखान्याचे नाव शोधले की आमच्याच वेबसाइटखाली जपानी अक्षरे, घड्याळे आणि पिशव्यांच्या जाहिराती दिसतात. साइट उघडली तर सगळे जागच्या जागी. होस्टिंगवाले म्हणतात, "आमच्याकडून काही नाही."
— मुद्रक, मडगाव

तुमच्या साइटमध्ये घुसखोरी झाली आहे. या प्रकाराला जपानी कीवर्ड हॅक असेच नाव पडले आहे. घुसखोर तुमच्या नावाखाली हजारो पाने तयार करतो आणि ती गूगलच्या यंत्राला किंवा गूगलवरून येणाऱ्यालाच दाखवतो. पत्ता थेट टाकून येणाऱ्या मालकाला जुनी साइटच दिसते, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. तुमची पत वापरून दुसरा आपला माल विकतो आहे. उशीर कराल तितकी पत उतरेल.

आधी व्याप्ती पाहा. गूगलमध्ये "साइट" हा शब्द इंग्रजीत, लगेच अपूर्णविराम आणि जागा न सोडता तुमचे डोमेन टाकून शोधा. चाळीस पानांच्या साइटची चार हजार पाने दिसली तर खात्री झाली. मग सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत त्यातला एक पत्ता टाकून थेट चाचणी घ्या, म्हणजे गूगलला काय दिसते ते तुम्हालाही दिसेल. सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी मालक आहे का पाहा. असेल तर नुसते त्याला काढून भागत नाही. त्याने पडताळणीसाठी सर्व्हरच्या मुळाशी ठेवलेली एचटीएमएल फाइल आधी काढा, नाहीतर तो दुसऱ्या मिनिटाला परत मालक होतो. फाइल सापडत नसेल तर डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये ती जागच्या जागी तयार करणारा नियम लपलेला असतो.

सफाईचा क्रम मोडू नका. आजची साइट आहे तशी, रोगासकट, उतरवून वेगळी ठेवा. नंतर काही चुकले तर तीच आधाराला येते. स्वच्छ संगणकावरून होस्टिंग, एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवण्याचा मार्ग), डेटाबेस आणि वर्डप्रेस (साइट चालवणारी प्रणाली) अशा चारही जागांचे पासवर्ड बदला. वर्डप्रेसचे डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन फोल्डर पूर्ण काढून अधिकृत ठिकाणाहून ताजे आणा. प्लगइन आणि थीमही तशाच, मूळ जागेवरून नव्याने. अपलोड्स फोल्डरमध्ये फक्त फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. तिथे पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, दिसली की ती चोराने ठेवलेली मागच्या दाराची किल्ली समजा. डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ आहे का बघा, आणि त्यातल्या गुप्त किल्ल्या, ज्यांना सॉल्ट म्हणतात, त्या बदला. असे केल्याने आत बसलेला प्रत्येक जण बाहेर फेकला जातो. डेटाबेसमधले अनोळखी प्रशासक आणि होस्टिंगच्या पॅनेलमधली वेळेवर चालणारी कामे, म्हणजे क्रॉन, ही दोन ठिकाणे घाईत राहून जातात. क्रॉन राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा हजर.

मग ती हजारो पाने. ती सगळी मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. ऐकू नका. गूगल तशा वळवण्याला फसवी ४०४ ("पान सापडले नाही") समजते आणि पाने यादीत रेंगाळतात. सरळ ४०४ किंवा ४१० ("पान कायमचे गेले") उत्तर जाऊ द्या. रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे गूगलच्या यंत्राने कुठे यायचे नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ती अडवूही नका, कारण गूगलला आत येताच आले नाही तर पान मेले आहे हे त्याला कळणार कसे? घुसखोराने सर्च कन्सोलमध्ये दिलेला साइटमॅप (पानांची यादी) काढून तुमचा द्या. तात्पुरते लपवण्याचे "रिमूव्हल्स" साधन सुमारे सहा महिने काम करते, तोवर मूळ पाने गेलेली असली पाहिजेत. "सिक्युरिटी इश्यूज" पानावर नोंद असेल तर फेरतपासणी मागा: काय सापडले, काय काढले, भोक कुठे होते आणि कसे बुजवले. भोक न बुजवता मागितलीत तर अर्ज फेटाळला जातो आणि पुढच्या तपासणीला वेळ लागतो.

भोक बहुधा दोनपैकी एक असते. जुने प्लगइन, नाहीतर पैसे वाचवायला घेतलेली "नल्ड" म्हणजे चोरीची थीम, जिच्यात किल्ली आधीच घातलेली असते. तुमच्या होस्टिंग खात्यावर आणखी एखादी विसरलेली साइट पडून आहे का, तेही विचारा. एकाच खात्यातल्या साइट एका भिंतीच्या खोल्यांसारख्या असतात. वाळवी एकीत लागली की दुसरीत येतेच.

प्रश्न : माझे आयुर्वेद चिकित्सालय आहे. एजन्सीने सहा महिन्यांत तीनशे लेख टाकले, बहुतेक संगणकाकडून लिहून घेतलेले. आधी भेटी वाढल्या, मग गूगलच्या एका मोठ्या अपडेटनंतर होत्या त्याच्याही खाली गेल्या.
— वैद्य, फोंडा

आरोग्य आणि पैसा या विषयांत गूगल सर्वांत कडक आहे, आणि तसेच असायला हवे. चुकीचा लेख वाचून कोणी औषध बंद केले तर त्याचे मोल जिवाने चुकते. मार्च २०२४ मध्ये गूगलने ढिगाने मजकूर पाडण्याविरुद्ध स्वतंत्र धोरण आणले. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हा मुद्दा तिथे गौण आहे. वाचकाला काही न देता केवळ क्रमांकासाठी ढीग लावला, हा दोष.

सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवते. ती उतरवून घ्या आणि तीनशेही लेख तीन भागांत वाटा. जे तुम्ही रोजच्या रुग्णांना सांगता त्याच विषयांवरचे लेख स्वतः नव्याने लिहा. एकाच विषयावरचे सात-आठ लेख एकात मिळवा आणि जुने पत्ते ३०१ ने, म्हणजे कायमच्या वळवणीने, त्या एका पानाकडे वळवा. उरलेले काढा. तीनशेचे तीस झाले तरी घाबरू नका.

प्रत्येक लेखावर तुमचे नाव, पदवी, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि शेवटची तपासणी केल्याची तारीख हवी. मजकूर न बदलता तारीख पुढे ढकलणे हे खोटे आहे आणि ते उघडेही पडते. रुग्णाने तातडीने इस्पितळात कधी जावे, हे प्रत्येक आजाराच्या पानावर लिहा. असे वाक्य लिहायला अनुभवी वैद्यच लागतो.

"मधुमेह मुळापासून बरा" असे शीर्षक तुमच्या साइटवर असेल तर ते आजच उतरवा. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या यादीत मधुमेह आहे, आणि तो बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा ठरतो. सुधारणा दिसायला काही महिने लागतील. कित्येकदा पुढचे मोठे अपडेट येईपर्यंत हालचाल होत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या साइटवर संगीत नाटकांच्या जुन्या स्मरणिका पीडीएफ करून टाकल्या आहेत. गूगलवर त्यातले एकही नाव शोधून सापडत नाही. कोकणी विभागही करायचा आहे.
— नाट्यमंडळ, साखळी

कोणत्याही पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि फोनच्या नोंदवहीत चिकटवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर स्मरणिका युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची एकसमान संकेतपद्धत) काळातल्या फॉन्टमध्ये जुळवल्या आहेत. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना "नाटक" दिसते, पण फाइलमध्ये साठलेली असतात रोमन चिन्हे. गूगलला तीच दिसतात. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी तपासा. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ या तीन जागी परिवर्तक हमखास घसरतो. ओळ निवडताच येत नसेल तर ती नुसती छायाचित्रे आहेत. प्रत्येक स्मरणिकेसाठी वेगळे पान करून नाटकाचे नाव, प्रयोगाची तारीख, जागा, कलाकार आणि साथीदार एवढे तरी टाइप करा. ऑर्गन आणि तबल्यावर कोण होते हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. तुमच्या साइटचा अधिकार तोच आहे.

पत्ता देवनागरीत ठेवला तर गूगलला चालतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. "नाटक" या एका शब्दाची छत्तीस. लोक असा पत्ता पाहून बिचकतात, म्हणून आखूड रोमन पत्ता बरा.

कोकणीबाबत एक अडचण आहे. भाषांच्या आवृत्त्या जोडणाऱ्या एचरेफलँग (hreflang) खुणेला गूगल दोन अक्षरी भाषासंकेत मागते. मराठीचा "एमआर" आहे. कोकणीला दोन अक्षरी संकेतच नाही, तीन अक्षरी "केओके" आहे. तेव्हा कोकणी पानांना ती खूण लावू नका. पानाच्या भाषेच्या गुणधर्मात "केओके" लिहा आणि मराठी पानावरून कोकणी पानाकडे साधी, दिसणारी लिंक द्या. मराठी मजकूर यंत्राने कोकणीत पालटून तसाच टाकू नका. वाचणारा पहिल्याच ओळीत ओळखतो.

प्रश्न : गूगलच्या नकाशावर आमच्या खानावळीच्या दोन नोंदी दिसतात, दोन्हींत गावाचे रोमन स्पेलिंग वेगळे. शिवाय कधीच न आलेल्या लोकांचे एक-ताऱ्याचे अभिप्राय आले आहेत. एक जण पन्नास चांगले अभिप्राय विकायला तयार आहे.
— खानावळचालक, म्हापसा

म्हापसा, पणजी, मडगाव ही सगळीच नावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. गूगलला ती कळतात. दुहेरी नोंद होते ती स्पेलिंगसोबत फोन नंबर आणि खुणेची जागाही बदलल्यावर. एक रूप ठरवा: नाव, घर क्रमांक, वाडा, गाव, ४०३५०७, आणि ०८३२ चा किंवा मोबाइलचा एकच नंबर. परवाना, वेबसाइट, नकाशा, फेसबुक, सगळीकडे तेच. जादा नोंद "डुप्लिकेट" म्हणून कळवा. तिच्यावर खरे अभिप्राय असतील तर ती नुसती काढू नका, दोन्ही एकत्र करण्याची विनंती करा.

न आलेल्यांचे अभिप्राय धोरणभंग म्हणून कळवा आणि खाली शांतपणे दोन ओळी लिहा: त्या तारखेला अशी नोंद आढळली नाही, कृपया बिल क्रमांकासह फोन करावा. ते उत्तर पुढच्या शंभर ग्राहकांसाठी असते. विकत अभिप्राय घेऊ नका. अभिप्रायाच्या बदल्यात सोलकढी मोफत देणे किंवा फक्त खूश गिऱ्हाइकालाच अभिप्राय मागणे, हेही गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले आहे. बिलावर क्यूआर कोड छापा आणि सगळ्यांना सारखाच द्या.

प्रश्न : एचटीटीपीएस (साइटची सुरक्षित जोडणी) घेतले, तरी ब्राउझर अधूनमधून "सुरक्षित नाही" म्हणतो.
— पेडणे

कारणे दोन. एक, पान सुरक्षित पण त्यातले जुने फोटो किंवा फॉर्म एचटीटीपी पत्त्यावरूनच येतात. डेटाबेसमधले सगळे जुने पत्ते एकदाच बदलून घ्या. दोन, एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपते. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०० दिवस आहे आणि मार्च २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करायचे दिवस गेले, होस्टिंगवाल्याकडून ते स्वयंचलित करून घ्या. एचटीटीपीएसचा क्रमांकाला फायदा २०१४ पासून आहे, पण तो हलका आहे. ब्राउझरची ताकीद पाहून परत फिरणारा माणूस हे खरे नुकसान.

प्रश्न : व्यवसायाचे नाव बदलले म्हणून नवे डोमेन घेतले. जुने सोडून देतो आहोत. नवी साइट कुठेच दिसत नाही.
— जहाज दुरुस्ती सेवा, वास्को

सोडू नका, आजच नूतनीकरण करा. जुन्या साइटचे प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे ३०१ ने वळवा. सगळी मुखपृष्ठाकडे वळवली तर आतल्या पानांची पत बुडते. मग सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेनची मालकी पडताळून "चेंज ऑफ अ‍ॅड्रेस" भरा. वळवण्या किमान वर्षभर ठेवा, जमले तर कायम. ज्या बंदर-निर्देशिका, पुरवठादार आणि ग्राहक कंपन्यांच्या साइटवर तुमचा जुना पत्ता आहे, त्यांना एकेक ईमेल करून तो बदलून घ्या.

मोकळे झालेले जुने डोमेन विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर भलताच माल विकणारे टपलेलेच असतात. गूगलने मार्च २०२४ पासून त्याला गैरवापर ठरवले आहे. पण जुन्या बिलावरचा पत्ता टाकणाऱ्या तुमच्या ग्राहकाला तिथे जुगाराची साइट दिसली, तर त्याला गूगलचे धोरण ठाऊक नसते. आणि त्या डोमेनवरचा जुना ईमेल चालू असेल, तर नवा मालक तुमचे पासवर्डही नव्याने मागवू शकतो. बँक, जीएसटी आणि होस्टिंग या तिन्ही खात्यांवरचा ईमेल आधी बदला, डोमेनचे पैसे पाच वर्षांचे एकदम भरा आणि मुदतीची तारीख कार्यालयातल्या दोघांच्या तरी फोनवर नोंदवून ठेवा.